वाढप्याचे काम : पंडिता रमाबाईंचे बायबल-भाषांतर

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात पंडिता रमाबाईंचे नाव टिकून आहे ते मुख्यतः दोन पुस्तकांच्या आधाराने. १८८२ सालचे ‘स्त्रीधर्मनीति’ आणि १८८९ सालचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ ही ती दोन पुस्तके होत. ‘द हायकास्ट हिंदू वुमन’ हे १८८७ सालचे त्यांचे पुस्तक इंग्रजीत असल्यामुळे त्याचा विचार समाजसुधारणेच्या इतिहासाकडे सोपविण्याची प्रथा आहे. परंतु ज्या ग्रंथासाठी बाईंनी आयुष्याची अखेरची पंधराहून अधिक वर्षे वेचली, ज्याच्यासाठी प्रौढ वयात हिब्रू आणि ग्रीक या भाषांशी झुंज घेतली, त्या ग्रंथाची नोंद बहुधा एका वाक्यात संपते. मूळ भाषांवरून केलेले संपूर्ण बायबलचे हे मराठी भाषांतर १९२४ साली, म्हणजे बाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, केडगाव येथील मुक्तिसदनाच्या स्वतःच्या छापखान्यातून बाहेर पडले. चर्चांमधून ते फारसे रुजले नाही. साहित्यिकांनी ते धर्मग्रंथ म्हणून बाजूला ठेवले आणि धर्मोपदेशकांनी प्रचलित बायबल सोडले नाही. अशा रीतीने एका असामान्य विदुषीचे सर्वांत दीर्घ परिश्रम दोन्ही अंगणांच्या मधल्या कुंपणावर पडून राहिले.

हे असे का झाले, या प्रश्नाचे सोपे उत्तर असे दिले जाते की, भाषांतर जमले नाही. त्या उत्तरात तथ्य आहे आणि त्याचा विचार पुढे येईल. तथापि भाषांतर जमले की नाही हे ठरविण्यापूर्वी ते कशासाठी केले होते हे पाहावयास हवे. बाईंनी ते वाङ्मयकृती म्हणून हाती घेतले नव्हते. ख्रिस्ती धर्मात सेवेची जी एक विशिष्ट कल्पना आहे, तिच्या पोटी ते जन्मले होते, आणि ती कल्पना समजल्यावाचून या ग्रंथाचे रूपही समजत नाही.

नव्या करारात सेवेसाठी जे ग्रीक शब्द येतात त्यांपैकी ‘डिआकोनिआ’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. हे काम करणारा तो ‘डिआकोनोस’. मराठीत त्याचे ‘सेवा’ आणि ‘सेवक’ असे रूपांतर होते, आणि ते चुकीचे नाही. परंतु ‘सेवा’ या शब्दाला आपल्याकडे देवपूजेचा आणि गुरुभक्तीचा सुगंध इतका लागला आहे की, मूळ शब्दातील स्वयंपाकघराचा वास त्यात उरत नाही. ग्रीक भाषेत डिआकोनोस हा पुष्कळदा मेजाशी उभा राहून वाढणारा माणूस असतो. आपल्या पंगतीच्या भाषेत बोलावयाचे तर तो वाढपी. लूकच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना विचारतो की, जेवावयास बसलेला मोठा की वाढणारा. आणि लोकांच्या लेखी मोठेपणा कोणाकडे जातो हे सांगून आपण स्वतः मात्र त्यांच्यात वाढप्यासारखे आहोत असे म्हणतो. योहानाच्या शुभवर्तमानात तर त्याच्याही पलीकडचे चित्र आहे. गुरू भोजनावरून उठतो, वस्त्रे उतरवून कमरेला पंचा बांधतो, आणि शिष्यांचे पाय धुतो.

भारतीय वाचकाला हे चित्र परके वाटू नये. युधिष्ठिराच्या राजसूयात श्रीकृष्णाने पाय धुण्याचे काम आपल्याकडे घेतले, ही कथा महाभारतात आहेच. महाराष्ट्रात तर देवाने भक्ताच्या घरी राबावे ही संतकथांची आवडती कल्पना आहे. एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन तो बारा वर्षे पाणी भरतो, जनाबाईबरोबर दळण दळतो, आणि गोष्टीचे सारे मर्म तो ओळखला जात नाही यातच असते. ओळख पटली की श्रीखंड्या नाहीसा होतो. परंतु साम्याबरोबर भेदही पाहावा. राजसूयात धुतले जातात ते ब्राह्मणांचे, म्हणजे आधीच पूज्य असलेल्यांचे पाय. योहानाच्या प्रसंगात गुरू शिष्यांचे पाय धुतो, आणि त्या शिष्यांत त्याला धरून देणारा यहूदाही असतो. शिवाय श्रीखंड्याची कथा भक्ताचे थोरपण सांगते. ख्रिस्ती कथेत हा प्रसंग लगेच आज्ञेचे रूप घेतो : मी केले तसे तुम्ही एकमेकांसाठी करा. चमत्कार संपतो आणि रोजचे काम सुरू होते.

या रोजच्या कामाचा पहिला तंटा ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात नोंदलेला आहे, आणि तो विधवांवरून झालेला आहे हे ध्यानात घेण्याजोगे आहे. यरुशलेमातील पहिल्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर निघाली. तेव्हा बारा प्रेषितांनी मंडळीकडून सात माणसे निवडवून घेऊन वाटपाचे काम त्यांच्याकडे दिले आणि स्वतःकडे प्रार्थना व वचनाचे काम ठेवले. मूळ ग्रीकमध्ये गंमत अशी की, अन्नाच्या वाढपाला आणि वचनाच्या कामाला शब्द एकच आहे. तीही डिआकोनिआ, हीही डिआकोनिआ. शब्दाने दोहोंना एका पातळीवर ठेवले. व्यवहाराने मात्र त्यांची वाटणी केली, आणि पुढच्या इतिहासात एक काम वेदीजवळ गेले नि दुसरे मुदपाकखान्यात राहिले. रमाबाईंच्या केडगावात ही वाटणी पुसली गेली. विधवांना जेवू घालणे आणि वचनाचे भाषांतर करणे ही दोन्ही कामे तेथे एकाच छपराखाली, आणि पुष्कळदा त्याच हातांनी, चालली. बाईंच्या भाषांतराचा विचार येथून सुरू करावयास हवा.

वचन आणि श्रोता यांच्या नात्याचा विचार बाईंना ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधीपासून भोवत होता. अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले, आणि आई लक्ष्मीबाईंनी मुलीला. वडिलांबरोबर हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पुराणे सांगत हिंडे. १८७४ साली आईवडील उपासमारीने गेल्यावर भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई अशी दोघेच पायी हिंडत राहिली. देवळाच्या आवारात किंवा नदीच्या घाटावर बसावे, संस्कृत पोथी वाचावी, पुढ्यात पडेल त्यावर गुजराण करावी. पुढे १९०७ साली लिहिलेल्या आपल्या इंग्रजी साक्षीत बाईंनी या वृत्तीचे वर्णन केले आहे. वाचलेल्याचा अर्थ देशी भाषेत सांगावा अशी पुराणिकाकडून अपेक्षा नसे. श्रवणानेच पुण्य लागते. समजण्याची आवश्यकता नाही. १८७८ साली कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या त्या याच पाठांतराच्या बळावर. म्हणजे वीस वर्षांच्या वयापर्यंत रमाबाई अशा शब्दांच्या वाहक होत्या, जे ऐकणाऱ्याला पावन करीत पण कळत नसत. समोर बसलेली बाई पोथीला हळदकुंकू वाहून, मूठभर तांदूळ ठेवून, काही न कळता उठून जाई. १९२४ च्या बायबलाची मुळे शोधावयाची तर ती इंग्लंडातल्या कोणत्याही धर्मशाळेपेक्षा या घाटांवर अधिक सापडतील.

मधला जीवनवृत्तांत सुपरिचित आहे. तो येथे थोडक्यात पुरे. १८८० साली बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह, १८८१ साली कन्या मनोरमेचा जन्म, १८८२ च्या आरंभी वैधव्य, त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना आणि हंटर आयोगापुढील साक्ष, आणि १८८३ साली वैद्यकीचा अभ्यास करण्याच्या हेतूने इंग्लंडला प्रयाण. कानांनी दगा दिल्यामुळे वैद्यकी राहून गेली. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात असता २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. या धर्मांतराला चालना देणारा जो प्रसंग बाईंनी स्वतः सांगितला आहे, तो तत्त्वचर्चेचा नाही. याच भगिनींचे एक आश्रयगृह लंडनच्या फुलहॅम भागात होते. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांना तेथे ठेवून घेत, त्यांची शुश्रूषा करीत. ज्यांच्याकडे शास्त्रांनी आणि समाजाने पाठ फिरविली, त्यांच्याशी या बाया इतक्या मायेने का वागतात, हा प्रश्न रमाबाईंनी केला; आणि उत्तरादाखल त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविण्यात आली. पुराणे पाठ असलेल्या पंडितेला ज्या गोष्टीने जिंकले, ती गोष्ट अशी : आधी काम दिसले, मग वचन ऐकू आले, आणि वचनाने कामाचा अर्थ सांगितला.

तथापि ‘नम्र सेवा’ या शब्दांत एक धोका दडलेला असतो, आणि तो बाईंनी फार लवकर ओळखला. नम्रतेचा उपदेश करणारे पुष्कळदा दुसऱ्याच्या नम्रतेविषयी अधिक आग्रही असतात. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्या आश्रयाने बाई संस्कृत शिकवू लागल्या, तेव्हा त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे की काय असा प्रश्न निघाला. मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी त्यास हरकत घेतली. हिंदुस्थानात याचा बोभाटा होईल, असे त्यांचे म्हणणे. ज्या स्त्रीने भर सभांतून पंडितांशी वाद केले होते, तिला हा उपदेश करणे विनोदीच म्हणावयाचे. बाईंनी तो मानला नाही. धर्ममाता म्हणून ज्यांचा त्या आदर करीत, त्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाने तो प्रसिद्ध झाला आहे. एका पुरोहितवर्गाच्या जुवाखालून मोठ्या कष्टाने मान काढल्यावर दुसऱ्या तशाच जुवाखाली ती घालावयाची नाही, असा त्यातील पत्रांचा सूर आहे. जेराल्डिन यांना त्यात अहंकार दिसला. एका अर्थी त्यांचेही चुकले नाही. आज्ञाधारकपणा हेच ज्या व्रताचे अंग आहे, त्या व्रतातून पाहिले की स्वतंत्र बुद्धी अहंकारासारखीच दिसते. परंतु आज हा पत्रव्यवहार वाचणाऱ्याला असे दिसते की, सेवा आणि अधीनता या दोन गोष्टी बाई अखेरपर्यंत वेगळ्या धरीत होत्या. वाढपी होण्यास त्या राजी होत्या. कोणी पंगतीतून उठवून वाढावयास लावावे, हे त्यांना मान्य नव्हते.

हा भेद पुढे पुण्यात अधिक तीव्रतेने पुढे आला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन निघाले, दुसऱ्या वर्षी ते पुण्यास गेले. सदनातील मुलींना ख्रिस्ती केले जाते, या आरोपावरून १८९३ साली मोठे वादळ झाले; ‘केसरी’ने कोरडे ओढले, आणि रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनीही अंग काढून घेतले. त्यानंतर महाराष्ट्राच्या सुशिक्षित समाजाच्या दृष्टीने रमाबाई जवळजवळ नाहीशा झाल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या, पुण्यापासून रेल्वेने साठेक किलोमीटरवर असलेल्या केडगावच्या माळावर ‘मुक्ति’ उभारले, आणि १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. पुण्याच्या व्याख्यानमंडपांत याची वार्ता फारशी नव्हती. तेव्हा रमाबाईंची अदृश्यता ही काही अंशी त्यांनी स्वीकारलेली होती आणि काही अंशी समाजाने त्यांच्यावर लादलेली होती. चरित्रकार पहिलीचा गौरव करतात. दुसरीचा उच्चार मात्र टाळतात. दोहोंना एकच नाव दिले म्हणजे उपेक्षेचे पाप सद्गुणाच्या खात्यावर जमा होते.

केडगावात आलेल्या स्त्रिया कोण होत्या? दुष्काळाच्या रस्त्यावर पडलेल्या, टाकून दिलेल्या, बालविधवा, आंधळ्या. त्यांना पिठाची गिरणी, तेलघाणा, माग आणि शेती शिकविली गेली, आणि त्यांच्यापैकी काहीजणी छापखान्यात गेल्या. खिळे जुळविणे, ठसे भरणे, छापणे, फर्मे दुमडणे, बांधणी करणे ही कामे तेव्हा पुरुषांची समजली जात. मुक्तिसदनाच्या छापखान्यात ती स्त्रिया करू लागल्या. बाई ज्यांच्यासाठी भाषांतर करीत होत्या, त्यांच्यातल्याच काहीजणी ते जुळवीत होत्या. भाषांतरकाराला आपला वाचक असा समोर, शाईने काळ्या झालेल्या बोटांसह, उभा असणे हा योग विरळा. ओळ समजली की नाही हे विचारावयास त्यांना दूर जावे लागत नव्हते.

प्रचलित मराठी बायबल असताना नव्या भाषांतराची गरज का पडली, याचे उत्तरही येथेच आहे. मराठी बायबलाची परंपरा श्रीरामपुरापासून सुरू होते. विल्यम कॅरी यांनी १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ साली संपूर्ण नवा करार मराठीत छापला. त्यांच्या मराठीच्या उद्योगामागे फोर्ट विल्यम कॉलेजातील मराठीचे पंडित वैजनाथ शर्मा उभे होते. ‘सिंहासनबत्तिशी’, ‘पंचतंत्र’ आणि ‘हितोपदेश’ यांच्या मराठी रूपांमुळे हे नाव तरी टिकले. बायबलाच्या कामात पंडितांचा वाटा नेमका किती, हे ग्रंथाच्या पानांवरून कळत नाही. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२६ साली नवा करार सिद्ध केला आणि १८४७ पर्यंत संपूर्ण बायबल मराठीत आले. त्याची संस्करणे होत राहिली. या साऱ्या परंपरेत परदेशी पाद्री आणि देशी पंडित अशी जोडी होती. पाद्र्याला धर्म ठाऊक, पंडिताला भाषा. आणि पंडिताला जी भाषा प्रतिष्ठित वाटे ती संस्कृतकडे झुकलेली. त्यामुळे बायबलाची मराठी भारदस्त झाली, पण खेड्यातून आलेल्या बाईला ती पुराणिकाच्या संस्कृताहून फार जवळची राहिली नाही. घाटावरचाच प्रकार पुन्हा घडत होता. वचन वाचले जाई, ऐकणारी मान डोलवी, अर्थ मात्र पोथीतच राही.

रमाबाईंची हरकत दुहेरी होती. एक तर ही भाषा सामान्य स्त्रीला कळत नाही. दुसरे, तिच्यातील अनेक संस्कृत शब्दांना वेदान्ताचे आणि पुराणांचे अर्थ आधीच चिकटलेले आहेत, त्यामुळे ख्रिस्ती अर्थ त्यांत शिरताच दुसरे रूप घेतो. या दुसऱ्या हरकतीत जे शब्द त्या टाकू पाहत होत्या, ते त्यांच्या स्वतःच्या पांडित्याचे शब्द होते. वडिलांनी घरात, आईने मांडीवर घेऊन दिलेले, ज्यांच्या बळावर कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना सरस्वती म्हटले, असे. संस्कृत न येणाऱ्याने साधे लिहिणे यात त्याग कसला? ज्याला दुसरे काही साधत नाही त्याचे ते निर्वाहाचे साधन असते. परंतु भागवताचे अठरा हजार श्लोक जिच्या जिभेवर, तिने दळणाऱ्या बाईच्या कानासाठी आपली ओळ पुन्हापुन्हा खाली उतरवावी, येथे भाषाशैलीच्या प्रश्नाला निराळे वजन येते. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो की, ख्रिस्ताने स्वतःला रिते केले आणि दासाचे रूप घेतले. या रितेपणावर ख्रिस्ती धर्मशास्त्रात ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले गेले आहेत. भाषेच्या क्षेत्रात त्याचे उदाहरण हवे असेल, तर केडगावच्या या मराठीकडे बोट दाखविता येईल.

असे म्हटल्यावर भाषांतराच्या गुणावगुणांविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. सेवाभावाने चांगले वाक्य लिहिता येतेच असे नाही. बाईंची श्रद्धा अशी की, मूळ ग्रंथाचा शब्दन्‌शब्द ईश्वरप्रेरित आहे. त्यामुळे मूळ रचनेला शक्य तितके चिकटून राहणे त्यांना कर्तव्य वाटे. दुसरीकडे अडाणी बाईला कळावे ही प्रतिज्ञा. ही दोन व्रते एका घरात नांदत नाहीत. हिब्रू वाक्याचा क्रम मराठीत जसाच्या तसा उभा केला, म्हणजे शब्द कितीही सोपे असोत, वाक्य अवघड होते. बाईंच्या भाषांतराला हा दोष आहे आणि त्याच्या अपयशाचे एक कारण तेच. यामागे श्रद्धेचा ताण आहे हे खरे. पण ज्याच्यासाठी ग्रंथ लिहिला त्याचाच घास त्यामुळे काही ठिकाणी अडला, हेही खरे. शिवाय परंपरेने भारलेले शब्द टाळण्याची त्यांची भूमिका सर्वस्वी मान्य करणे कठीण आहे. १८९५ साली ख्रिस्ती झालेले नारायण वामन टिळक याच्या अगदी उलट मार्गाने गेले. अभंग, ओवी, कीर्तन, वारकऱ्यांची सारी शब्दसंपत्ती त्यांनी ख्रिस्ताच्या दारी आणून ओतली आणि मराठी ख्रिस्ती उपासनेला कंठ दिला. भाषेच्या दृष्टीने टिळकांचा मार्ग अधिक फलदायी ठरला, यात शंका नाही. शब्दांना जुने अर्थ चिकटलेले असतात म्हणूनच ते बोलतात. धुऊन कोरडे केलेले शब्द मुके होतात. परंतु टिळक ज्या परंपरेला मिठी मारीत होते, तिच्या देवळांत पोथी वाचून दोन भावंडे उपाशी निजली होती, हेही विसरता येत नाही. टिळकांना त्या शब्दांत तुकाराम ऐकू येई. रमाबाईंना त्यांच्यामागे काय ऐकू येत असेल, याची कल्पना त्यांच्या १९०७ च्या साक्षीवरून करता येते.

या भाषांतराविषयी एक दावा वारंवार केला जातो, त्याचीही येथे वासलात लावणे बरे. संपूर्ण बायबल भाषांतरित करणारी ही जगातील पहिलीच स्त्री, असे भाविक चरित्रांतून आढळते. ते खरे नाही. अमेरिकेतील ज्यूलिया एव्हलिना स्मिथ या बाईंनी एकटीने केलेले संपूर्ण बायबलचे इंग्रजी भाषांतर १८७६ सालीच प्रसिद्ध झाले होते. ज्या कामाचा सारा कस दिसू नये यात आहे, त्याला पहिलेपणाची झूल घालण्याची हौस चमत्कारिकच म्हटली पाहिजे.

तुलना करावयाचीच तर इंग्लंडच्या विल्यम टिंडलशी करावी. नांगर हाकणाऱ्या पोरालाही शास्त्र कळेल असे भाषांतर करण्याची त्याची प्रतिज्ञा सर्वश्रुत आहे. १५२६ साली त्याचा इंग्रजी नवा करार बाहेर पडला, आणि १५३६ साली पाखंडी म्हणून त्याला गळा आवळून मारून प्रेत जाळण्यात आले. पुढे १६११ साली राजाच्या आज्ञेने जे अधिकृत इंग्रजी बायबल निघाले, त्यातील नव्या कराराचा फार मोठा भाग टिंडलच्याच वाक्यांनी बनलेला आहे. ग्रंथावर नाव राजाचे, वाक्ये टिंडलची. इंग्रजी भाषा बोलणारा माणूस त्याचे नाव न जाणता त्याचे शब्द वापरतो. अदृश्य सेवेचे याहून पूर्ण फळ कोणते? रमाबाईंच्या वाट्याला याच्या उलट आले. नाव राहिले. नावाला १९१९ साली कैसर-इ-हिंद पदक मिळाले, नावावर चरित्रे झाली. निकल मॅकनिकल यांचे १९२६ चे इंग्रजी चरित्र आणि देवदत्त नारायण टिळक यांचे १९६० चे मराठी चरित्र ही त्यांतील महत्त्वाची. परंतु ज्या वाक्यांसाठी त्यांनी ते नाव झिजविले, ती वाक्ये मराठीच्या प्रवाहात मिसळली नाहीत. सेवकाला लपावयाचे होते कामाच्या आड. इतिहासाने काम लपविले सेवकाच्या आड.

तथापि लपलेल्यांची गणना रमाबाईंशी संपत नाही. पौलाने रोमकरांस लिहिलेले पत्र त्याने स्वतःच्या हाताने लिहिले नाही. ते तर्तियाने उतरून घेतले. सोळा अध्याय तो गप्प आहे. अखेरीस सलाम सांगण्याची वेळ येते, तेव्हा मध्येच एक वाक्य तो आपले घालतो : हे पत्र लिहून घेणारा मी, माझाही सलाम. त्याच अध्यायाच्या आरंभी फीबी नावाच्या एका स्त्रीची शिफारस आहे. पत्र रोमला तिनेच नेले असावे असा अभ्यासकांचा तर्क आहे, आणि तिला लावलेला शब्द ‘डिआकोनोस’ हाच आहे. बायबलाच्या पानांत जुळाऱ्याला आणि हरकाऱ्याला इतकी तरी जागा मिळाली. केडगावच्या जुळारी स्त्रियांना मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तर्तियाच्या एका ओळीएवढीही जागा नाही. त्यांनी ती मागितली नाही, हे उत्तर पुरेसे नाही. रमाबाईंनी निवड केली होती. त्यांच्यापाशी टाकून देण्याजोगे नाव होते. दुष्काळात आईबाप हरवलेल्या मुलीपाशी टाकावयास काय असते? तिच्या निनावी कामाला विनय म्हणण्याचा अधिकार इतिहासकाराला सहजासहजी पोहोचत नाही. मुक्तिसदनाच्या दप्तरांत या स्त्रियांची नावे असतील, तर मराठी मुद्रणाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ती काढली पाहिजेत. या इतिहासात गणपत कृष्णाजी आणि जावजी दादाजी यांची नावे आदराने घेतली जातात, आणि दोघांच्याही मुद्रणाच्या शिक्षणाचे धागे अमेरिकन मिशनच्या छापखान्याशी जुळतात. बायबलाचे खिळे जुळविणाऱ्या हातांचा मराठी मुद्रणावर केवढा उपकार आहे, हे यावरून दिसावे. त्याच परंपरेतील स्त्रियांचे हात अद्याप नोंदले जावयाचे आहेत.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. ज्या मुलीच्या हाती मुक्तिसदन सोपवावयाचे होते ती गेल्यावर, बहिऱ्या आणि खंगलेल्या रमाबाई मुद्रिते तपाशीत राहिल्या. अखेरची मुद्रिते हातावेगळी होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी त्यांनी प्रार्थना केली आणि ती तपासून होताच त्या गेल्या, असे चरित्रकार सांगतात. तारीख ५ एप्रिल १९२२. त्यानंतर ग्रंथ बाहेर पडेपर्यंत दोन वर्षे गेली. ओळ कळली का म्हणून विचारणारे आता कोणी नव्हते, आणि शाबासकी देणारेही कोणी नव्हते. छपाई, दुमडणी, शिवण आणि बांधणी ही राहिलेली कामे छापखान्यातील स्त्रियांनी पुरी केली.